पाण्याचे भय आणि श्रद्धेची पायरी



नदीच्या घाटावर किंवा समुद्रकिनारी उभे असताना आपले पाऊल कधी अडखळले आहे का? सगळे पाण्यात उतरत आहेत, हसत आहेत, आणि आपण मात्र चपलांजवळ उभे आहोत. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "देवावर विश्वास नाही का?" हा प्रश्न मनाला लागतो. आज या प्रश्नाचाच विचार करू या, कारण एकदा तो मीच एकाला विचारला होता.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमध्ये दर रविवारी सकाळी आपला सत्संग भरतो. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे आणि आमच्यासारखे काही विद्यार्थी, असे पंधरा-वीस जण असतो. मागच्या वर्षी आम्ही हरिद्वारला गेलो. हर की पौडीला गंगेचा ओघ किती जोराचा असतो हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. म्हणून तेथे धरायला लोखंडी साखळ्या लावलेल्या आहेत. आमच्यातला एक तरुण वरच्या पायरीवरच थांबला. मी खालून हाक मारली, "श्रद्धा असेल तर भीती कसली? साखळीही नको, ये असाच!"

तो आला. शेवाळलेल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला. शेजारी उभ्या असलेल्या काकांनी दंड धरला म्हणून तो सावरला. झाले काहीच नाही. पण त्याचा पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही. रात्री धर्मशाळेत तो म्हणाला, "दादा, माझा शाळेतला मित्र भीमेत गेला. तोही पोहणारा होता." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली. मी श्रद्धेच्या नावाखाली माझा अहंकार बोलत होतो, हे त्या रात्री कळले.

भागवताच्या दशमस्कंधातील कालियाची कथा आठवा. यमुनेच्या डोहाचे पाणी विषारी झाले होते. ते पिऊन गाई आणि गोपाळ निपचित पडले. भगवंतांनी त्यांना जागे केले. पण "माझ्यावर विश्वास असेल तर पुन्हा प्या" असे म्हटले नाही. आधी विषाचे कारण दूर केले. स्वतः डोहात उडी घेतली, कालियाला तेथून घालवले आणि पाणी सर्वांसाठी निर्भय केले. सवंगड्यांना मात्र उडी मारायला लावले नाही. भक्ताचा जीव पणाला लावून त्याची श्रद्धा मोजणे हे देवाचे काम नाही. मग ते आपण का करावे?

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना 'अभय' या गुणापासून सुरू होते. पण अभय म्हणजे बेफिकिरी नव्हे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. जोखीम आणि जुगार यांतला फरक आम्हाला शिकवतात: जोखीम माणूस मोजून घेतो, जुगारात डोळे मिटतो. पाण्याची खोली, ओघ आणि तळ माहीत नसताना "देव बघून घेईल" म्हणत उतरणे म्हणजे देवाच्या नावावर खेळलेला जुगार होय. देवाने बघण्यासाठी डोळे आपल्यालाही दिले आहेत.

हे समुद्रावर जगणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगले समजते. आपले कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या दर्यावर जातात. तरीही जून-जुलैच्या उधाणात यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केला जातो. समुद्राशी ज्यांची सर्वांत जास्त ओळख, तेच आधी हात जोडतात. याला भित्रेपणा कोण म्हणेल? आपण मात्र एका दिवसाच्या सहलीला जातो आणि लाटांशी सलगी करतो. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

किनाऱ्यावर कधीकधी परतीच्या पाण्याचा एक अरुंद, जोरकस प्रवाह तयार होतो. तो माणसाला आत ओढतो. त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि बुडतो. अशा वेळी न घाबरता तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. मदतीसाठी हात वर करावा. यातही साधनेचा बोध आहे: ओढीशी झटापट करण्यापेक्षा शांतपणे बाजूला होण्यात सुटका असते.

आता आपल्या दिल्लीच्या यमुनेकडे या. पुराणे तिला सूर्यकन्या आणि यमाची बहीण म्हणतात. भाऊबीजेची यमद्वितीया तिच्याच नावाने चालते. जिच्यावर प्रेम करायचे तिचा भाऊ साक्षात यम! नदीबद्दलची माया आणि सावधता पूर्वजांनी एकाच घरात नांदवली. पण आज तिच्यात उतरायला आपण घाबरतो ते ओघामुळे नव्हे. वजिराबाद ते ओखला हा सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या जेमतेम 2 टक्के आहे. तरीही तिच्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा येथेच, नजफगढसारख्या नाल्यांतून, मिसळतो. कालिंदी कुंजजवळ पांढरा फेस तरंगतो. तसाच फेस आळंदीला, माउलींच्या पायाशी, इंद्रायणीवरही दिसतो. हा कालिया बाहेरून आलेला नाही. तो आपल्या मोऱ्यांतून, कारखान्यांतून आणि निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्यांतून आला आहे. येथे खरी सेवा डुबकी मारण्यात नसून विष थांबवण्यात आहे.

म्हणून आपण तीन संकल्प करू या. पहिला: पाण्याला घाबरणाऱ्या कोणालाही हसणार नाही आणि ढकलणार नाही. शास्त्राने मंत्रस्नान आणि मानसस्नानही सांगितले आहे; पायरीवर बसून ओंजळभर पाणी मस्तकी लावणाऱ्याचे स्नान उणे नाही. दुसरा: जमत असेल तर जाणत्याकडून पोहणे शिकू, मुलांना शिकवू; आणि शिकल्यावरही अनोळखी पाण्यात एकटे उतरणार नाही, जीवरक्षकांचे ऐकू. तिसरा: नदीत काहीही टाकणार नाही, निर्माल्याचे खत करू.

यंदा आम्ही पुन्हा हरिद्वारला गेलो. तो तरुणही आला होता. मी काही बोललो नाही. फक्त साखळी धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो. बराच वेळ तो पाण्याकडे पाहत होता. मग साखळी घट्ट धरून तो दोन पायऱ्या उतरला, गुडघाभर पाण्यात थांबला आणि त्याने डोळे मिटले. तिसरी पायरी तो उतरला नाही. त्याच्या चेहऱ्यावर जी शांती होती, ती मला आदल्या वर्षी डोके बुडवूनही मिळाली नव्हती.

गंगामाता, यमुनामाता आणि सागरदेव आपल्या सर्वांना सुबुद्धी देवोत, हीच प्रार्थना.

॥ हरिः ॐ ॥