आतड्याची माया

उमापूरच्या आमच्या घरात बाळंतिणीच्या उशाशी एक छोटी सहाण असायची. आजी तिच्यावर आईच्याच दुधात गुटी उगाळायची. मुरुडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एक, हळकुंडाचा अर्धा. लेकरू किरकिरलं की आधी त्याचं पोट चाचपायची. पोट शांत तर लेकरू शांत, हा तिचा हिशेब. त्याच विश्वासानं पहिला पिवळा चीक मात्र जड म्हणून पिळून टाकला जाई, आणि ते आठवलं की आजही जीव हळहळतो.

पोट आणि मन यांचं हे नातं प्रयोगशाळेत पोचायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा असलेला जंतू दिसला. तोच बिफिडोबॅक्टेरियम. त्याच संस्थेतले मेचनिकोफ मात्र मोठ्या आतड्याला विषाचं कोठार समजत होते. जंतू म्हणजे शत्रू, ही समजूत तेव्हा पक्की होती. ती सुटायला मदत केली आईच्या दुधानं. दुधातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, मग त्या असतात कशाला? त्या या जंतूंचं अन्न असतात. आई लेकराला पाजते, तेव्हा त्याच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंनाही पाजते. मला या साऱ्या शोधांत हा सर्वांत सुंदर वाटतो.

जंतू आणि ताण यांचं नातं पुढे आलं ते 2004 मध्ये. जपानच्या क्युशू विद्यापीठात नोबुयुकी सुडो यांनी जंतूविना वाढवलेले उंदीर कोंडून पाहिले. त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं नेहमीपेक्षा फार उसळली. लहानपणीच जंतू दिले तर फरक पडे, उशिरा दिले तर नाही. 2016 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला आणखी पुढची गोष्ट दिसली. गाभण उंदरिणीला फार चरबीचा आहार दिला, तर तिची पिल्लं इतरांत मिसळेनात. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा एक जंतू पाण्यातून दिल्यावर ती मिसळू लागली.

उंदरावरून माणसावर उडी मारू नये. 2018 मध्ये 89 अमेरिकन बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाच्या वयाला पोटात जंतूंचे प्रकार जास्त असलेली बाळं दोन वर्षांची झाल्यावर बौद्धिक चाचण्यांत मागे दिसली. अपेक्षा नेमकी उलटी होती. शिवाय तिथली पोटं वेगळी, आपली भाकरी-वरणावरची वेगळी.

पण मला खरी भीती दुसरीच आहे. लेकराचा स्वभाव आईच्या पोटातून येतो म्हटलं, की उद्या रडव्या पोराचा ठपकाही तिच्याच माथी बसेल. ह्यूस्टनच्या त्या उंदरिणीनं आपलं खाणं निवडलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी पिंजऱ्यात टाकलं होतं.

आमच्या गेवराई तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून ओली बाळंतीणही कोयत्याला जाते. खाडा केला तर पैसे कापतात. पहाटे थापलेली भाकरी आणि मिरची, एवढ्यावर तिचा दिवस जातो. दुपारी फडात मोळी बांधताना पान्हा फुटतो, पोलकं ओलं होतं, आणि लेकरू तिकडे कोपीत थोरल्या बहिणीच्या मांडीवर असतं. आतडं तुटतं, म्हणतात आमच्याकडच्या बाया.