थापटण्याचा घाव



न विचारता दोष काढणारा माणूस प्रत्येक गावात असतो. दिंडीत असतो, सप्ताहात असतो, घरातही असतो. त्याच्या एका शब्दाने एखादा नवा टाळकरी टाळ खाली ठेवतो, एखादी माउली ओठांवर आलेला अभंग गिळून टाकते. म्हणून हा प्रश्न लहान समजू नका. कोणी न मागता आपल्याला कमी लेखले, तर मनाचा धीर कसा राखावा?

याचे उत्तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातच, तेरणाकाठच्या तेर गावी आहे. तेथे गोरोबाकाकांची समाधी आहे. शके १२३९, म्हणजे इ.स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीला काका समाधिस्थ झाले. त्या थापटण्याची कथा तुम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. आज ती नामदेवरायांच्या बाजूने पाहा.

निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी संतमंडळी बसली होती. यातली मडकी कोणती पक्की आणि कोणती कच्ची, ते पाहा, असे काकांना सांगण्यात आले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे निवांत बसून राहिले. नामदेवराय मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडके कच्चे.

आता विचार करा. नामदेवांनी काही परीक्षा मागितली नव्हती. ज्यांच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलतो, त्यांना चारचौघांत कच्चे म्हटले! ते तडक पंढरीला गेले आणि देवापाशी गाऱ्हाणे घातले. देवाने लाडक्या भक्ताची बाजू घेतली का? नाही. गोरोबा म्हणतात ते खरे आहे, गुरू कर, असेच देवाने सांगितले. मग नामदेव औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय नेऊन ठेव. तशी जागा काही सापडेना. नामदेवांची दृष्टी तिथे उघडली.

मायबापहो, नामदेवांचा आधीचा आत्मविश्वास ‘देव माझा आहे’ यावर उभा होता. तो एका थापटण्याने हलला. नंतरचा ‘देव सर्वत्र आहे’ यावर उभा राहिला, तो पुढे पंजाबातल्या घुमानपर्यंत गेला. आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. कच्चे ठरलेले मडके ते हेच! घाव बसला म्हणून त्यांनी कीर्तन सोडले नाही, आणि राग आला म्हणून उणीव नाकारलीही नाही.

पन्नास वर्षांपूर्वीची माझी गोष्ट सांगतो. एका गावी सप्ताहात माझे कीर्तन झाले. उतरताच एक गृहस्थ म्हणाले, “महाराज, आवाजात गोडवा नाही, तुम्ही हे सोडा.” पाठोपाठ एक म्हातारबाबा म्हणाले, “तिसऱ्या प्रमाणातला चरण चुकला, पाहून घ्या.” मला दोन्ही बोल सारखेच लागले. आठ दिवस कीर्तनाला उभा राहिलो नाही. गुरुजींना कळले. त्यांनी विचारले, “गाथा उघडून पाहिलीस?”

“पाहिली. चरण चुकला होता.”

“सुधारलास?”

“हो.”

“आणि आवाजाचे काय करणार?”

“तो देवाने दिला तसाच आहे.”

“मग उभा राहा.”

एवढेच. सुधारता येण्याजोगे होते ते म्हातारबाबांकडून घेतले. दुसऱ्या बोलात घेण्यासारखे काही नव्हते, ते तिथेच ठेवले. त्याच घोगऱ्या आवाजात पुढे चाळीस वर्षे कीर्तन केले.

कोणी उणीव दाखवली तर ती तपासावी. पण ‘तुझा अधिकारच नाही’ असे कोणी म्हटले तर? तुकोबारायांना वाघोलीच्या रामेश्वरभटांकडून हेच ऐकावे लागले. वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबांनी भांडण मांडले नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी बसले. वह्या तरल्या, आणि तेच रामेश्वरभट पुढे त्यांचे शिष्य झाले. अधिकार द्यायचा की नाही, ते पांडुरंगाने ठरवायचे. लोकांची तोंडे कोणाला धरता येत नाहीत, पण आपला टाळ आपल्या हातात असतो.

आणि ज्यांना दुसऱ्याचे दोष सांगायची हौस आहे, त्यांच्यासाठीही एक शब्द. कुंभाराला काम करताना पाहा. तो ओल्या मडक्यावर बाहेरून थापटणे मारतो, तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत आधाराला असतो. तो हात नसेल, तर त्याच घावाने मडके बसते. काकांनी ‘कच्चे’ म्हटले, पण नामदेवांना फोडले नाही, घडायला पाठवले. आत हात घालायची तयारी नसेल, तर थापटणे उचलू नये.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी न विचारता बोलले, तर रात्री एकट्याने गाथा उघडा. चूक सापडली तर सुधारा, न सापडली तर दिवा मालवून निजा. पहाटे काकड्याला मात्र हजर राहा.

रामकृष्णहरी.