मध्येच विझलेली शेगडी

गंगटोकच्या आमच्या घरमालकीणबाईंना मी 'आमा' म्हणतो. नेपाळीत आमा म्हणजे आई. त्या राई जमातीच्या, वयाने माझ्या आईएवढ्या. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदलीवर आलेला कारकून. त्या मला 'बाबू' म्हणतात. ती माझ्या हुद्द्याची खूण नव्हे, तिकडे मुलाला अशीच हाक मारतात. हे नाते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत मी त्याला शोभेसा वागलेलो नाही.

2023 च्या ऑक्टोबरात दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेला महापूर आला, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि सिलिगुडीकडून येणारा महामार्ग जागोजाग खचला. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तो रस्ता पुन्हा पुन्हा बंद पडे. त्या ऑगस्टात आमच्या घरातला गॅस संपला आणि नोंदवलेला सिलिंडर काही येईना. आमांनी आपल्याकडचा जादा सिलिंडर, भरलेला, न मागता खाली पाठवून दिला. तो आम्ही वीस दिवस वापरला. मग आमचा आला. सरळ मनाच्या माणसाने तो नवा भरलेलाच वर नेऊन दिला असता. मी त्यांचा त्यांना परत केला, आणि "किती दिवस चालवला, बाबू?" असे त्यांनी सहज विचारले तेव्हा "चार-पाच दिवस" असे सांगून मोकळा झालो. खोटे बोलायचे असे ठरवून मी जिना चढलो नव्हतो. भीड म्हणा, हिशेबीपणा म्हणा, शब्द तोंडातून निसटले. त्या रात्री मला उत्तम झोप लागली, आणि पुढचे तीन आठवडेही लागत होती.

दसैं, म्हणजे तिकडचा दसरा, जवळ आला तसे आमांनी जाँड घालायचे काढले. जाँड हे कोदोचे घरगुती मद्य. नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. आपल्याकडचा कोद्रा निराळा. नाचणी धुऊन मोठ्या भांड्यात शिजवतात, पाणी निथळून ती चटईवर पसरून निववतात आणि तीवर मर्चाची पूड भुरभुरतात. मर्चा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाळवलेल्या चपट्या वड्या. त्यांत बुरशी आणि किण्व दोन्ही नांदत असतात. बुरशी पिष्टाची साखर करते, किण्व साखरेचे मद्य करते. मग रात्रभर झाकून ठेवायचे आणि भांड्यात घट्ट बंद करून थंडीवाऱ्याप्रमाणे आठ-पंधरा दिवस वाट पाहायची. पण या सगळ्याचा पाया म्हणजे दाणा आतपर्यंत शिजलेला हवा. कच्च्या पिष्टापुढे बुरशीचे फारसे चालत नाही, आणि मग तेथे आंबटपणा आणणारे जंतू आपले राज्य मांडतात. त्यातून गंगटोक सुमारे 1,650 मीटर उंचीवर. पाणी 94-95 अंशांनाच उकळू लागते आणि शिजायला वेळ अधिक लागतो.

नाचणी अर्धी शिजली होती तेव्हा शेगडी विझली.

मी त्या वेळी वरच होतो, भांडे उतरवायला मदत हवी म्हणून त्यांनी बोलावले होते. विजेची शेगडी घरात होती, पण संध्याकाळपासून वीज नव्हती. शेजारी विचारून झाले. अखेर मागच्या पडवीत ओली लाकडे पेटवून, डोळे चोळत, तासा-दीड तासाने आम्ही ते भांडे पुन्हा चढवले. आमा एवढेच पुटपुटल्या, "आता तर पुरायला हवा होता." मी फुंकर घालत होतो. खाली आमच्या स्वयंपाकघरात चांगला भरलेला सिलिंडर होता, तो उचलून आणण्याचे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले, पण तो आणताना काय बोलावे ते सुचेना.

या सिलिंडरचा एक स्वभाव विचार करण्यासारखा आहे. आतला वायू दाबाखाली द्रवरूपाने असतो, आणि द्रवाचा थोडा अंश शिल्लक असेपर्यंत वरचा दाब जवळजवळ तोच राहतो. म्हणून दिव्यातले तेल संपताना ज्योत जशी आधीपासून मंदावत जाते तसे येथे होत नाही. चौदा किलो असो की अर्धा किलो, ज्वाळा तशीच निळी. तिच्याकडे पाहून शिलकेचा पत्ता लागत नाही. तो सांगतो तराजू, किंवा ज्याने वापरला त्याचा शब्द. आमांनी माझ्या शब्दावर हिशेब केला होता.

आता प्रश्न असा. नाचणी शिजून झाल्यावर, अगदी पाच मिनिटांनी गॅस संपला असता, तर माझा अपराध लहान ठरला असता काय? मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते, आणि कचेरीत त्याचा कधी उपयोग झाला नसला तरी त्या रात्री कान्ट आठवला. सदिच्छेचे मोल तिच्या फळाने वाढत नाही की घटत नाही, असे त्याचे मत. लोकमान्यांनीही 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्माची पारख कर्त्याच्या बुद्धीवरून करावी असेच मांडले आहे, आणि तेथे कान्टचा आधारही घेतला आहे. या न्यायाने माझे असत्य ऑगस्टच्या अखेरीस त्या जिन्यावरच पुरे झाले होते. शेगडी विझली म्हणून त्यात तिळाची भर पडली नाही.

हे मला पटते. आणि तरीही पटत नाही. 1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी या कोड्याला हात घातला आणि त्याला 'नैतिक दैव' म्हणता येईल असे नाव दिले. नेगेलचा मालमोटारीचा चालक ब्रेक तपासून घेत नाही. रस्त्यात मूल आडवे आले तर तो जन्मभर जळतो, न आले तर शीळ घालत घरी जातो. चूक तीच. आमच्या कचेरीतही हे रोज दिसते: दोघांनी सारखीच बेपर्वाईने नोंद केलेली असते, लेखापरीक्षकाचे बोट एकाच्याच ओळीवर पडते आणि दुसरा त्याला सावधपणाचा उपदेश करू लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत पाचवे दैव आहे. कर्ता पाचांतला एक. मग सगळा भार त्या एकावर का, असे कोणी विचारील.

पण हा युक्तिवाद मला आमांसमोर उभे राहून करून पाहा. डोळ्यांत धूर गेलेल्या त्या बाईला "माझा दोष होता तेवढाच आहे, वाढलेला नाही" असे सांगणे तर्काला धरून होईल, आणि निर्लज्जपणाचे होईल. का होईल? मला वाटते, आपण येथे दोन गोष्टी एका शब्दात कोंबतो. दोष बुद्धीने ठरतो. ऋण घटनेने ठरते. चेंडूने काच फुटली तर मुलाचा हेतू काहीही असो, काच भरून द्यावीच लागते. माझा दोष जिन्यावर जन्मला. ऋण मात्र त्या रात्री चढले. आणि ज्या तीन आठवड्यांत मी निवांत झोपलो त्या काळात दोष नव्हता असे नाही, सावकार दारात नव्हता इतकेच. पश्चात्ताप बहुधा सावकाराबरोबर येतो, हे काही त्याच्या श्रेष्ठत्वाचे लक्षण नव्हे.

ही मीमांसा करून मी दुसऱ्या दिवशी भरलेला सिलिंडर वर पोहोचवला. कारण विचारले नाही, मीही सांगितले नाही. ऋण फिटले असे वाटले.

दसैंला पाहुणे जमले. बांबूच्या तोंगब्यांत जाँड भरले गेले, वरून गरम पाणी ओतले, बांबूच्या नळ्या तोंडाला लागल्या. मलाही एक मिळाला. चव आंबट होती आणि पातळ. दुसऱ्यांदा पाणी घातल्यावर त्यात काही उरलेच नाही. पाहुणे सभ्य होते. आमा मात्र सर्वांना सांगत होत्या की यंदा मर्चा जुना निघाला, लाल बाजारातल्या त्या म्हातारीने फसवले, इतकी वर्षे तिच्याकडून घेतला, आता पुन्हा नाही.

कदाचित मर्चा खरोखरच जुना असेल. हा विचार माझ्या मनात किती चपळाईने आला! पण त्या म्हातारीला मी बाजारात पाहिले होते; पुढ्यात फडक्यावर मांडलेल्या वीस-पंचवीस वड्या, एवढेच तिचे दुकान.

पाहुणे गेल्यावर भांडी आत नेताना मी आमांना सांगितले. चार-पाच नव्हे, वीस दिवस. त्यांनी हातातला तोंगबा खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वीस?" मी मान हलवली. "रविवारी बाजारात जाशील ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिच्याकडून मर्चा घेऊन ये. दहा वड्या. आणि सांग, आमाने पाठवलंय."