मापातील मुभा

पुणे-सांगलीकडच्या आप्तांना आम्ही बेलूरला राहतो असे सांगितले की त्यांच्या डोळ्यांपुढे चटकन हासन जिल्ह्यातील देवालय उभे राहते. मग खुलासा करावा लागतो. ते बेलूर होयसळांचे, इ. स. १११७ मध्ये विष्णुवर्धन राजाच्या काळी उभारलेल्या चन्नकेशव मंदिराचे. आमचे बेलूर धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, कारखान्यांचे. येथे मदनिका नाहीत. लेथ आहेत, साचे आहेत आणि शिफ्ट सुटल्याचा भोंगा आहे. नावाखेरीज या दोन गावांत काहीच समान नाही, अशी आमची इतकी वर्षे समजूत होती. परंतु एका प्रश्नाचा विचार करताना ही दोन्ही गावे समोरासमोर येऊन उभी राहिली. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस आम्ही दोघी बहिणी करीत आहोत.

प्रश्न असा की, देहाच्या ठेवणीतील एखाद्या विषमतेचे दुःख करणे हा मोह मानावा, की ते दुःख खरे समजावे? आणि खरे समजले, तर ते दूर करण्याचे दायित्व कोणाकडे जाते? आमच्यापुढील उदाहरण स्त्रीचे दोन्ही स्तन आकाराने सारखे नसण्याचे आहे. विषय ऐकून काही वाचक संकोचतील, हे आम्ही जाणतो. तथापि कालिदासाच्या रसग्रहणात याच अवयवाची अनेक संस्कृत नावे आपण मोकळेपणाने उच्चारीत आलो आहोत. उपमेचा विषय म्हणून जो शब्द चालतो, तो व्यथेचा विषय म्हणून चालू नये, हे काही न्याय्य नव्हे.

आम्हां दोघींपैकी एकीच्या वाट्याला ही विषमता आली. वयाच्या चौदाव्या वर्षी शिवणवर्गात तिचे माप घेताना बाईंनी टेप दोनदा लावली आणि सहज, पण सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात, एका बाजूस कापड अधिक धरावे लागेल असे म्हटले. वर्ग हसला. बाई दुष्ट नव्हत्या, मुलीही नव्हत्या. ते हसू त्या संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या असतील. जिच्यावर त्या हसल्या ती मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून पदर एकाच रीतीने घेणे, छायाचित्रात नेहमी एकाच कडेला उभे राहणे, चोळीत घडी घातलेला हातरुमाल ठेवणे, स्नेहसंमेलनातील नृत्यातून नाव काढून घेणे असे नियम तिने स्वतःस लावून घेतले. आईस सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "कोणाजवळ बोलू नकोस." पुढे दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा आपण समोरच्या माणसाची फसवणूक करीत आहोत असे तिला वाटू लागले. जिने कोणाचे काही घेतले नव्हते, ती अपराध्यासारखी वागत होती.

आणि दुसरी? ती त्याच खोलीत निजत होती, तेच कपाट वापरत होती. तिला ठाऊक होते. परंतु न पाहणे हीच मर्यादा आणि न बोलणे हीच माया, अशी तिची समजूत होती. आमच्यात या विषयावर पहिला शब्द निघाला तो दोघींचे केस पिकल्यावर. कोण कोणती, हे येथे सांगण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखापुरते आम्ही दोघी सारख्याच उत्तरदायी आहोत.

वस्तुस्थिती काय आहे, ती आधी पाहू. वयात येताना अनेक मुलींच्या एका बाजूची वाढ आधी सुरू होते, दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. वाढ पूर्ण झाली तरी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणे हे विरळच. थोडाफार फरक बहुसंख्य स्त्रियांत असतो, आणि डावी बाजू किंचित मोठी असणे अधिक आढळते. काहींत हा फरक कपड्यांवरूनही लक्षात यावा इतका राहतो. क्वचित छातीचा स्नायूच एका बाजूस अपुरा असतो. अशा अवस्थेचे वर्णन आल्फ्रेड पोलंड यांनी लंडनमध्ये १८४१ साली केले व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जन्मजात फरक हा बहुधा रोग नसतो आणि बाळास पाजण्यात सहसा आड येत नाही. मात्र प्रौढपणी एका बाजूचा आकार नव्यानेच बदलला, गाठ लागली, त्वचेला खळी पडली, बोंड आत ओढले गेले वा त्यातून स्राव आला, तर संकोच न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. 'कोणाजवळ बोलू नकोस' हा उपदेश येथे जिवावर बेतू शकतो.

मनाची बाजूही तपासली गेली आहे. अमेरिकेतील बोस्टन येथील बालरुग्णालयाच्या वैद्यांनी १२ ते २१ वर्षे वयाच्या मुलींचा अभ्यास करून तो २०१४ साली प्रसिद्ध केला. स्तनांच्या आकारात विषमता असलेल्या मुलींचे भावनिक स्वास्थ्य व आत्मसन्मान समवयस्क मुलींपेक्षा उणे असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे हे दुःख केवळ आमच्या घरचे नव्हे, आणि नखऱ्याचेही नव्हे.

मग ज्या मापाने चौदा वर्षांची मुलगी उणी ठरते, ते माप येते कोठून? येथे आम्हांस दोन्ही बेलुरे आठवतात. होयसळांच्या बेलुरातील दर्पणसुंदरी आरसा घेऊन उभी आहे. शिल्पकाराने तिला तालमानाने, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाने घडविले. तिचे दोन्ही स्तन सारखे आहेत, कारण मऊ दगडाला छिन्नी लावणाऱ्याने ते सारखे केले. तो दोष नव्हे. मूर्तीचे सौंदर्य तसेच घडते. दोष घडतो तो जिवंत मुलीने आरशात पाहावे आणि मूर्तीच्या प्रमाणाने स्वतःस मोजावे तेव्हा. आजच्या जाहिरातींनी तर ती मूर्ती देवळाच्या खांबावरून उतरवून प्रत्येक रस्त्यावर उभी केली आहे.

कपड्यांचेही तेच. आमच्या आजीची गुळेदगुड्डच्या खणाची चोळी पुढे गाठ मारून बसत असे. गाठ सैल-घट्ट करून ती अंगाशी जुळवून घेता येई. तयार अंतर्वस्त्रे आली, ती दोन्ही बाजूंस एकच आकार गृहीत धरून. जो फरक पूर्वी गाठीत सामावत होता, तो आता रोज सकाळी नव्याने जाणवू लागला.

उलट आमच्या कारखान्यांच्या बेलुरात काय चालते? येथील यंत्रशाळेत एखाद्या भागाचा नकाशा येतो, तेव्हा त्यावर केवळ माप नसते. त्या मापापुढे अधिक-उणे किती चालेल, हेही लिहिलेले असते. त्यास येथे टॉलरन्स म्हणतात. लोखंडाचे दोन तुकडे हुबेहूब सारखे होत नाहीत, हे यंत्रावरच्या कामगारास पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. मुभेवाचून माप लिहिणारा नकाशाकार अडाणी ठरतो. लोखंडास जी मुभा आपण आनंदाने देतो, ती रक्तमांसाच्या देहास का नाकारावी?

या दुःखावर तीन उत्तरे दिली जातात. पहिले विरक्तीचे: देह नश्वर आहे, त्याच्या ठेवणीचा शोक कसला? यासाठी अष्टावक्राची कथा सांगतात. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा तो ऋषी जनकाच्या सभेत आला, सभा हसली, आणि मग त्याने सभेची कानउघाडणी केली. कथा थोर आहे. पण तिचा बोध कोणास होता, हे आपण विसरतो. अष्टावक्राने वाकड्या देहाच्या माणसांना सहनशीलता शिकवली नाही; चामड्यापलीकडे न पाहणाऱ्या सरळ देहाच्या सभेस लाज शिकवली. शिवणवर्गातील हसणाऱ्यांना जो उपदेश करावयाचा, तो आपण हसू झालेल्या मुलीस करतो.

दुसरे उत्तर जिद्दीचे: उणिवेचेच सामर्थ्य करावे. हुबळीच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचे उदाहरण आपल्या जुळ्या शहरांत कोणास सांगावयास नको. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज जड, पुरुषी झाला. स्त्रीच्या गळ्याकडून ऐकणाऱ्यांची जी अपेक्षा असते, तीच मोडली. त्यांनी तो आवाज लपविला नाही. त्याच आवाजात किराणा घराण्याचे गाणे गायिले. हे उदाहरण वंदनीय आहे, परंतु ते प्रत्येकीवर लादणे क्रूरपणाचे होईल. आपल्या देहाचे सामर्थ्य करून दाखवणे हे कोणाही मुलीचे कर्तव्य नव्हे. तिला साधे, लक्षात न येता जगण्याचाही अधिकार आहे.

तिसरे उत्तर उपचाराचे. त्यावर 'नसते लाड' असा शेरा मारला जातो. अशांनी १७९४ साल आठवावे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याकडील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवून दिले आणि तो वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. गेलेला हात परत मिळणार नव्हता; नाक मिळण्याजोगे होते, ते त्याने मिळवले. त्याला कोणी नखरेल म्हटले नाही, कारण नाक म्हणजे अब्रू हे मराठी माणसास पटते. चारचौघांत ताठ मानेने वावरता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. पूर्ण वाढ झाल्यावर, गुणदोष समजून घेऊन एखाद्या स्त्रीने शस्त्रक्रिया करून घेतली, कोणी आतून पॅड लावले, आणि कोणी काहीच केले नाही, तर या तिन्ही निर्णयांत आम्हांस नैतिक उच्च-नीच दिसत नाही. निर्णय तिचा असावा. भीतीचा किंवा सासरच्यांचा नसावा, एवढेच.

म्हणून आम्हांस वाटते की, आत्मविश्वास ही वस्तू ज्याने त्याने एकट्याने कमवावयाची, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो पुष्कळ अंशी भोवतालच्यांच्या नजरेतून येतो, आणि भोवतालचेच तो काढूनही घेतात. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी, स्त्रिया परपुरुष वैद्यापुढे आपली व्यथा उघड करू शकत नाहीत, म्हणून या देशास स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले, आणि १८८६ साली त्या स्वतः डॉक्टर झाल्या. आज धारवाड-हुबळीत स्त्री-डॉक्टरांची वाण नाही. वाण आहे ती घरातल्या पहिल्या शब्दाची. मर्यादा म्हणजे दुसऱ्याची लाज राखणे. आम्ही मात्र तिला एकटी टाकण्यास मर्यादा म्हणत आलो.

हुबळी आणि धारवाड १९६२ साली एका महानगरपालिकेखाली आली. एक मोठे, एक लहान. तरी आपण त्यांना जुळीच म्हणतो, आणि धारवाडने कधी हुबळीएवढे व्हावे असा आग्रह धरत नाही.

आमच्यापैकी एक अजूनही घरच्या मुलींचे पोलके शिवते. गेल्या दिवाळीत नातीचे माप घेताना तिने वहीत डावीकडचे आणि उजवीकडचे असे दोन आकडे लिहिले. नातीने विचारले, "आजी, दोन कशाला?" ती म्हणाली, "सगळ्यांचीच दोन घेते गं मी." नात बरे म्हणून खेळायला पळाली. आम्ही दोघी मात्र बराच वेळ त्या वहीकडे पाहत बसलो.