नाण्यावरचा मळ

यंदा दशलक्षण पर्वात माझा भाचा पुण्याहून उज्जैनला आला. बॅग उघडली तर आत एक घडीची काठी, तिच्या टोकाला थाळीएवढी चकती. "मावशी, मेटल डिटेक्टर!" आम्हा उज्जैनकरांना मेटल डिटेक्टर म्हणजे महाकालाच्या रांगेतली ती चौकट, जिच्यातून जाताना कमरेच्या किल्ल्या वाजतात. ही काठी मात्र जमिनीच्या पोटातलं ऐकते म्हणे. पाऊस ओसरला की क्षिप्रेच्या काठानं फिरायचं आणि जुनी नाणी शोधायची, असा त्याचा बेत होता. जेवताना त्यानं विचारलं, "नाणी सापडली तर साफ कशानं करायची गं? तुझ्याकडे ती आहेत ना, आरशासारखी चकाकणारी. कशी केलीस?"

ती कशी केली हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. त्या दिवशी सांगितलं.

माझे सासरे, मामंजी, सोलापूरहून गिरणीच्या नोकरीसाठी इथं आले आणि इथलेच झाले. पाळी नसेल त्या सकाळी ते नदीकाठानं गढकालिकेकडे फिरायला जात. जुनं उज्जैन तिथं टेकाडाखाली झोपलेलं आहे. १९५६ ते ५८ या काळात पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं, तेव्हा जुन्या नगराचा मातीचा तट आणि खंदक उघडा पडला. पावसाळ्यानंतर काठ ढासळतो, माती धुपते आणि कधी एखादं तांब्याचं नाणं वर येतं. मामंजी ते उचलत आणि कागदाच्या पुडीत बांधत. पुडीवर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहीत: कुठं सापडलं, कोणत्या दिवशी, बरोबर काय होतं. 'दरडीखाली, दोन हात खोल. शंखाच्या बांगडीचा तुकडा शेजारी.' अशा चाळीसेक पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

१९७६ सालची दिवाळी, माझी लग्नानंतरची तिसरी. पितळेची भांडी घासायला काढली होती. म्हटलं, मामंजींची नाणीही उजळून देऊ, खूश होतील. सगळी नाणी एका पातेल्यात ओतली. चिंच-मीठ लावून ठेवली आणि मग राख घेऊन काथ्यानं खसाखसा घासली. पुड्यांचे कागद बंबात घातले. संध्याकाळी ताटात गुलाबी लखलखीत तांब्याच्या चकत्या मांडून ठेवल्या. मामंजी घरी आले. एक चकती उचलून खिडकीपाशी गेले, पुष्कळ वेळ उलटसुलट करून पाहत राहिले. मग म्हणाले, "छान उजळली आहेत हो सूनबाई." त्यानंतर ते नाण्यांसाठी नदीवर गेले नाहीत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मी काय केलं होतं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. एका संग्रहालयात काचेमागे तसंच नाणं होतं. हिरवट, मातकट, माझ्या आज्जीच्या भाषेत 'कळकटलेलं'. पण त्याच्या एका बाजूला हातात दंड घेतलेली आकृती स्पष्ट दिसत होती, शेजारी कठड्यातलं झाड. दुसऱ्या बाजूला एक फुली, आणि तिच्या चारी टोकांना चार वर्तुळं. हेच ते उज्जयिनी चिन्ह. घरी येऊन डबा उघडला. आमच्या चकत्यांवर फुलीचा पुसट भास होता, बाकी काही नाही.

इथं थोडं रसायन सांगायला हवं, कारण माझी चूक तिथंच आहे. आपल्याला वाटतं की नाणं आत आहे आणि मळ बाहेरून बसलाय, भांड्यावर बसतो तसा. तांब्याचं तसं नसतं. जमिनीतली ओल, हवा आणि क्षार यांच्याशी शतकानुशतकं संयोग होऊन तांब्याचाच वरचा थर बदलतो. आधी तांबूस, मग त्यावर हिरवा. तो थर बाहेरून आलेला नसतो, ते नाण्याचंच रूपांतर असतं. आणि टाकसाळीत ठसा उमटला तो मूळ पृष्ठभाग पुष्कळदा त्या बदललेल्या थरातच शिल्लक असतो. लखलखीत धातू लागेपर्यंत घासलं म्हणजे आपण त्या पृष्ठभागाच्याही खाली उतरलो. म्हणजे चिन्ह मळाखाली दडलेलं नव्हतं. ते मळातच होतं.

मिठानं आणखी एक काम केलं. त्यातला क्लोराइड तांब्यात शिरला, आणि दोन पावसाळ्यांत काही चकत्यांवर फिकट हिरवी भुकटी उमलली. संग्रहालयातली माणसं याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात. दमट हवा मिळाली की आत आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं आणि त्यातून पुन्हा तेच चक्र. नाणं आतून पोखरत जातं. मी स्वच्छ केलं नव्हतं, रोग लावून दिला होता.

तेव्हापासून 'मळ' हा शब्द मला सरळ वाटत नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे: एका बाजूला चैत्य, दुसऱ्या बाजूला हेच आमचं उज्जयिनी चिन्ह. सोनाराच्या नजरेनं पाहिलं तर ती बिघडलेली नाणी. चैत्याच्या कमानींमधून नहपानाचं नाक डोकावतंय, कुठं कान शिल्लक आहे. पण त्या बिघाडातूनच ठामपणे कळलं की हे दोन राजे एकाच काळातले होते आणि दुसऱ्यानं पहिल्याची सत्ता मोडली. कुणी ती नाणी वितळवली असती, किंवा 'नीट दिसावीत' म्हणून घासली असती, तर महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक पानच गेलं असतं. एकाच्या डोळ्याला जो डाग दिसतो, तो दुसऱ्यासाठी साक्ष असतो.

भाचा ऐकत होता, पण हरलेला नव्हता. "ठीक आहे, घासणार नाही. पण शोधायला काय हरकत आहे?"

आमच्या घरी लहानपणी 'रत्नकरंड श्रावकाचार' वाचला जायचा. समंतभद्र आचार्यांनी त्यात अचौर्य अणुव्रताची व्याख्या फार बारकाईनं केली आहे. दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तू श्रावकानं स्वतः घेऊ नये, आणि उचलून तिसऱ्यालाही देऊ नये. तेव्हा मला हे व्रत सगळ्यांत सोपं वाटे. आपण कुठं चोऱ्या करतो? आज वाचलं की वाटतं, हे मेटल डिटेक्टरवाल्यांसाठीच लिहिलंय की काय! जमिनीत जे सापडतं ते या तीन शब्दांबाहेर नसतं. कुणीतरी ठेवलेलं, कुणाचं तरी पडलेलं, कुणीतरी विसरलेलं.

"पण मावशी, दोन हजार वर्षांपूर्वीचा मालक मागायला येणार आहे का?" तो म्हणाला. "मी नाही उचललं तर पुरात जाईल, नाहीतर कुणी भंगारात विकेल. आणि मग मामंजींनीसुद्धा चोरीच केली म्हणायची!"

हा शेवटचा बाण लागला. व्रताच्या काट्यावर तोललं तर मामंजी पूर्ण सुटत नाहीत, हे मला कबूल करावंच लागेल. कायद्यानंही सुटत नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. खरा मालक पुढे आला नाही तर मूळ कायद्यात शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा ठेवलेला आहे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर किंमत आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवली तर वाटा जातो आणि शिक्षाही होते. संरक्षित जागी परवानगीशिवाय खोदणं हा तर वेगळाच गुन्हा. मामंजींनी कलेक्टरला कळवल्याचं मला आठवत नाही.

पण त्यांच्या पुड्या आठवतात, आणि मला वाटतं फरक तिथं आहे. ते नाणं उचलत होते, पण त्याची जागा पुसत नव्हते. उद्या कुणी विचारलं तर उत्तर देता यावं म्हणून लिहून ठेवत होते. त्यांनी ते स्वतःचं मानलंच नव्हतं. सांभाळायला घेतलं होतं. ते माझं आहे आणि मला वाटेल तसं दिसलं पाहिजे, असं मी मानलं. नदीतून एकदा घेतलेलं मी चिंच-मीठ लावून दुसऱ्यांदा घेतलं, आणि हे दुसरं घेणं परत करता येत नाही. नाण्याचा मालक मेला हे खरं. पण ज्याला त्याबद्दल अजून प्रश्न पडायचा आहे असा माणूस जन्माला यायचा असतो. त्याचंही काही त्या नाण्यावर आहे. बंबात मी त्याचं जळण केलं.

इंग्लंडमध्ये या छंदाला परवानगी आहे, नियमही आहेत. तिथली एक गोष्ट मी भाच्याला सांगितली. २०१० साली सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या गृहस्थाला डिटेक्टरनं एका शेतात रोमन नाणी लागली. थोडं खणल्यावर मडक्याचं तोंड दिसलं. आत खच्चून नाणी. तो थांबला. खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांनी मडकं थरथरानं रिकामं केलं, कोणतं नाणं कोणत्या थरातलं हे नोंदवत. एकूण ५२,५०३ नाणी निघाली. आणि एक नवल कळलं: काराउसियस राजाची नाणी साठ्यातल्या सगळ्यांत नव्या नाण्यांपैकी, पण ती बहुतेक मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे ही काही गुल्लकसारखी वर्षानुवर्षं भरत गेलेली बचत नव्हती. बहुधा सगळं एकदमच ओतलेलं होतं. मडक्यात हात घालून नाणी ओंजळीनं काढली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, ही गोष्ट मात्र मिळाली नसती. त्या माणसाचं मोठेपण सापडण्यात नाही, थांबण्यात आहे.

मग काही करायचंच नाही का? तसंही नाही. हात न लावणं म्हणजे नेहमीच अहिंसा नव्हे. रोग लागलेलं नाणं तसंच ठेवणं हीही हिंसाच. जाणकार नाणं साफ करतात, पण त्यांची रीत वेगळी. आधी फोटो, वजन, नोंद. मग डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं, पाणी बदलत राहणं. माती सैल झाली की बांबूची काडी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण उचलणं. अक्षर वाचता आलं की थांबायचं. लिंबू नाही, चिंच नाही, तारेचा घासणा नाही. चांदीचा काळेपणा दुकानातल्या द्रावणात बुडवून घालवायचा नाही. नाणं कडेनं धरायचं, कारण बोटांचा घामही खातो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचं नाही, त्यातून सुटणारे वायू धातूला बाधतात. कोरडी जागा, आम्ल नसलेला कागद, आणि वरती नोंद. रोग दिसला तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करून जाणकाराकडे न्यायचं. ही सगळी रीत पाहिली की मला वाटतं, निम्मं काम हाताला आवर घालण्याचंच आहे.

हे बोलणं झालं तो दिवस दशलक्षणातला उत्तम शौचाचा होता. भाचा हसला, "शौच म्हणजे ते?" शहरी मुलांना तेवढाच अर्थ माहीत. त्याला सांगितलं, शौच म्हणजे शुचिता, आणि आपल्याकडे ती शुचिता म्हणजे लोभ नसणं. अंघोळीशी, घासण्याशी तिचा संबंध नाही. लोभ काही पैशाचाच असतो असं नाही. 'छान दिसावं' हाही लोभच. 'माझ्या हातून उजळावं' हा तर फार गोड लोभ, घर सांभाळणाऱ्या बाईला सहज जडणारा. त्या दिवाळीत मी चाळीस नाणी घासली आणि जो मळ घासायचा होता तो तसाच राहिला.

काठी अगदीच वाया गेली नाही. शेजारच्या वहिनींची कुडी अंगणातल्या चिखलात पडली होती, ती तिनं शोधून दिली. मालकीण समोरच उभी होती, त्यामुळे व्रताचा प्रश्न आला नाही.

क्षमावणीनंतर आम्ही दोघांनी तो डबा संग्रहालयात द्यायचं ठरवलं. झिजलेल्या, रोगट नाण्यांचं ते काय करतील, करतील तरी का, मला ठाऊक नाही. वजन, आकार, पुसट फुली, एवढं तरी कुणाच्या कामी येईल. डब्यात घालायला एक कागद भाच्यानं लिहून घेतला, मी सांगत गेले: 'ही नाणी क्षिप्राकाठची, गढकालिकेच्या बाजूची. गोळा करणाऱ्यानं प्रत्येकाची जागा आणि दिवस लिहून ठेवला होता. ते कागद माझ्या हातून जळले. १९७६ च्या दिवाळीत चिंच, मीठ आणि राख लावून मी ती घासली. त्यांवरची चकाकी माझी आहे, नाण्यांची नाही.'

खाली सही केली. मामंजींच्या पुडीवर नोंद असायची, तशी ही माझी.