विचारणार कोणाला?

सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या उंच इमारतींमधल्या मराठी घरांत मुलांपासून फारसं काही लपवलं जात नाही. घरभाडं, आजीचं आजारपण, पुण्यातल्या फ्लॅटचा वाद, सगळं जेवताना उघडपणे बोललं जातं. मुलगी विद्यापीठात जाऊ लागली, तिला एक मित्र आहे, हेही आईला ठाऊक असतं. तरी कंडोमचा विषय त्या घरात निघत नाही. ‘आजकालच्या मुलांना सगळं माहीत असतं गं,’ असं म्हणून आपण मोकळे होतो.

माहिती त्यांना असते, हे खरंच आहे. सिंगापूरच्या शाळांत लैंगिक शिक्षण आहे आणि २०१९पासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातल्या मुलींना शाळेतच एचपीव्हीची लस दिली जाते. पण अडचण येते तेव्हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला नसतो, आपला स्वतःचा असतो. काल कंडोम फाटला, आता काय करू? लघवीला जळजळ होतेय, हे आपोआप बरं होईल का? अशा वेळी समोर एक माणूस लागतो, आणि तोही वेळेत.

वेळेचं महत्त्व आपण पालक लक्षातच घेत नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी. तिच्या नेहमीच्या प्रकाराची मुदत ७२ तासांची. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी २८ दिवस घ्यायची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. पुण्यात तातडीची गर्भनिरोधक गोळी केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते. इथे मात्र डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीला दवाखान्याची पायरी चढावीच लागते, आणि तिच्या ओळखीचा डॉक्टर एकच असतो: शाळेत असल्यापासून तिचा ताप पाहणारा, तिच्या आईशी हसून बोलणारा. डॉक्टर काही सांगणार नाही, हे तिला कळतं. पण बिल बाबांच्या कंपनीच्या विम्यातून जातं आणि त्याचा निरोप बाबांच्या फोनवर येतो. ‘उद्या बघू’ म्हणत ती एक दिवस घालवते. त्या एका दिवसाचा दोष मी तिला देणार नाही.

क्लॅमिडियासारखा आजार तर बहुतेकींना जाणवतही नाही. आठवडाभराच्या गोळ्यांनी तो बरा होतो. दुर्लक्ष झालं तर गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं. या शहरात लैंगिक आजारांसाठी केलांतान लेनवर स्वतंत्र सरकारी दवाखाना आहे. १९८८ साली स्थापन झालेली ‘अ‍ॅक्शन फॉर एड्स’ ही संस्था नाव न विचारता एचआयव्हीची चाचणी करते. सोय आहे, पण तिचा पत्ता मराठी घरात कोणी मोठ्याने उच्चारलेला नसतो.

आपल्या भाषेत या विषयांवर उघडपणे बोलण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिलं. विल्सन कॉलेजमधल्या गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडलं. १९२७ साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत चालवलं. त्या मासिकातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं पान. लोक लाजेनं कोणाला सांगू शकत नव्हते ते कर्व्यांना लिहीत आणि कर्वे उपदेश न करता, सरळ उत्तर देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो याच उत्तरांवरून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक थांबलं नाही. उत्तर देणं हेच आरोग्याचं काम आहे, हे त्या दोघांना तेव्हा पटलेलं होतं.

मुलग्यांच्या आईबाबांशी तर मला जरा कडक बोलायचं आहे. काळजी फक्त मुलीची करायची आणि मुलाला वाऱ्यावर सोडायचं, हे चालणार नाही. कंडोम वापरणं ही त्याचीही जबाबदारी आहे. समोरची व्यक्ती ‘नको’ म्हणाली की तिथेच थांबायचं, हे त्याला घरातच कळलं पाहिजे. संमतीचं कायदेशीर वय इथे १६ आहे आणि भारतात १८; सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या मुलाला हा फरक ठाऊक हवा.

पालकांनी व्याख्यान द्यावं, असं मी म्हणत नाही. ते अनेकांना जमणारही नाही. एवढंच सांगावं: ‘काही झालं तर मला सांग, मी रागावणार नाही. मला सांगवत नसेल तर या डॉक्टरांकडे जा. पैसे मी देईन, कशाचे ते विचारणार नाही.’ आणि ते पैसे विम्यातून नकोत, रोख द्यावेत. मराठी मंडळांच्या आरोग्य शिबिरांत आपण ज्येष्ठांची साखर आणि रक्तदाब तपासतो. तिथेच एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाला विद्यार्थ्यांसाठी तासभर बोलवावं, प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्यावेत. आईबाबांनी त्या वेळी बाहेर थांबावं आणि घरी जाताना ‘तू काय विचारलंस?’ असं विचारू नये.