पाच मिनिटं प्रोब सोडू नकोस

चि. मधुरा,


तुमच्या नव्या सोनोग्राफी मशीनवर कॉन्ट्रास्टची सोय आली, ती कोणासाठी वापरू, असं तू विचारलंस. यकृतापासून सुरुवात कर. तपासणी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि यकृतात गाठ दिसली, असे रुग्ण येतच राहतात. त्यात क्रिएटिनिन वाढलेलं असलं की सीटीचं आयोडीनचं औषध द्यायला आपण कचरतो. सोनोग्राफीचं औषध म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे बुडबुडे; ते मूत्रपिंडाच्या वाटेला जातच नाहीत. वायू श्वासावाटे निघून जातो. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेने २०१२ साली अशाच अवचित सापडलेल्या गाठींसाठी ही तपासणी सुचवली.

बुडबुडा सरासरी २.५ मायक्रॉनचा, तांबड्या पेशीहून लहान, तरी रक्तवाहिनीबाहेर पाझरत नाही. सीटीचं औषध पाझरतं. म्हणून गाठीतून औषध कधी ओसरलं, हे इथे फार स्वच्छ दिसतं, आणि सगळं निदान या 'कधी'वर उभं आहे. हिमँजिओमा कडेकडेने भरत आत येतो आणि उजळच राहतो. दुसरीकडून पसरलेला कर्करोग साधारण पहिल्या मिनिटाच्या आतच काळा पडू लागतो. यकृताचा स्वतःचा कर्करोग सुरुवातीला उजळतो, पण ओसरतो मिनिटभरानंतर, तोही मंद. कधी कधी चौथं मिनिट उजाडतं. दोन मिनिटांत प्रोब ठेवून दिलास तर नेमका तोच निसटेल. बाहेर कितीही रांग असो, पाच मिनिटं तू स्वतः तिथे हवीस.

पहिलं मिनिट सलग बघ. पुढे मात्र अधूनमधूनच प्रोब टेकव, कारण ध्वनिलहरींनी बुडबुडे फुटतात आणि औषध ओसरल्याचा खोटा भास होतो. मेकॅनिकल इंडेक्स ०.१ च्या आसपास ठेव. कोपराच्या शिरेत गुलाबी इंट्राकॅथ लावायला सिस्टरांना सांग; बारीक सुईतून जोराने ढकललं तरी बुडबुडे फुटतात.

औषध सुरक्षित आहे. इटलीतल्या २३,१८८ तपासण्यांत गंभीर त्रास ०.००८६ टक्के निघाला, मृत्यू एकही नाही. तरीही ॲड्रेनालिनचा ट्रे हाताशी असल्याशिवाय कुपी उघडू नकोस, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची ॲलर्जी विचारल्याशिवाय तर नाहीच.

लहान मुलांत लघवी उलट वर चढते का, हे पाहायला हेच औषध मूत्राशयात भरतात; अमेरिकेत त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. किरणांचा मारा टळतो, म्हणून मला हा उपयोग फार मोलाचा वाटतो. पण तिकडे नंतर वळ.

सर्जनने 'सीटीऐवजी हेच करा' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. एका वेळी एकच गाठ नीट पाहता येते. आजार कुठवर पसरला, हे सीटी-एमआरआयच सांगणार. खोलवरची किंवा आतड्यातल्या हवेमागची गाठ मुळात साध्या सोनोग्राफीतच धड दिसत नसेल, तर बुडबुड्यांनी काही साधणार नाही. कुपी महाग असते, रुग्णाचे पैसे वाया घालवू नकोस.

सुरुवातीला ज्यांचा एमआरआय ठरलेलाच आहे, असेच रुग्ण निवड. त्यांना सगळं समजावून संमती घे, आणि या तपासणीचं बिल लागणार नाही, हे व्यवस्थापनाकडून आधी ठरवून घे. रिपोर्टमध्ये 'ओसरलं' एवढंच न लिहिता कितव्या सेकंदाला, ते लिही. मग एमआरआय आला की ताडून पाहा. जिथे जुळणार नाही, त्या क्लिप नाव काढून मला पाठव. आपण फोनवर एकत्र बघू.

तुझा,
सर